मॉरिशसच्या लाल डोक्याच्या फोडीमागे

शनिवार, माहेबूर

मॉरिशस फोडी हा लाल डोक्याचा चिमुकला पक्षी पाहायला मी आणि दादा मॉरिशसला आलो होतो. विमानतळाबाहेर आलो आणि पार्किंगच्या कडेच्या हिरवळीवरच लाल पक्षी दिसला. आकाराने चिमणीएवढा, डोक्यापासून पोटापर्यंत लालभडक, पंख आणि शेपूट तपकिरी, डोळ्यातून गेलेली काळी रेघ. दादाने सामान गाडीत टाकायच्या आधी कॅमेरा काढला.

"हाच ना गं तुझा फोडी?"

"फोडीच आहे, पण हा मादागास्करचा. आपल्याला हवा तो असा हिरवळीवर भेटत नाही."

मॉरिशसमध्ये दोन फोडी आहेत. एक हा मादागास्कर फोडी, माणसांबरोबर इथे आलेला. स्थानिक लोक त्याला कार्दिनाल म्हणतात. बागा, उसाच्या शेतांचे बांध, शाळांची मैदानं, हॉटेलांचे व्हरांडे, कुठेही तो दिसतो. दुसरा मॉरिशस फोडी. तो जगात फक्त मॉरिशसमध्ये आहे, आणि इथेही मोजक्या जागी. दोघेही आपल्या सुगरणीच्या कुळातले. विणीच्या काळात दोघांचेही नर लाल होतात, त्यामुळे पर्यटकांच्या फोटोंमध्ये एकाचं नाव दुसऱ्याला लागलेलं सर्रास दिसतं.

ओळखताना लाल रंग किती गडद आहे ते बघत बसू नये, तो कुठे थांबतो ते बघावं. मॉरिशस फोडीच्या नराचं डोकं, गळा आणि छातीचा वरचा भाग लाल असतो. शेपटीच्या वर पाठीच्या टोकाला आणखी थोडा लाल रंग. बाकी सगळं अंग गडद, ऑलिव्हकडे झुकणारं तपकिरी. कार्दिनालचा नर मात्र पोटापर्यंत लाल. अडचण येते ती अर्धवट पिसं बदललेल्या कार्दिनालची. त्याचंही डोकं आधी लाल झालेलं असू शकतं. पण त्याचा लाल रंग विखुरलेला असतो, एखादा ठिपका पोटावर, एखादा पाठीवर. मॉरिशस फोडीचा लाल छातीवर येऊन संपतो आणि खाली एकही लाल पीस नसतं.

माद्या दोन्ही तपकिरी. तिथे चोचीकडे जावं लागतं. कार्दिनालची चोच बिया खाणाऱ्याची, आखूड आणि जाड. मॉरिशस फोडीची चोच त्यामानाने लांब आणि सडपातळ, कारण तो सालींच्या फटीतून किडे काढतो, फुलांतला मध पितो, फळं खातो. गवतात उतरून बिया टिपताना दिसला की बहुतेक तो कार्दिनाल. फांदीला लटकून साल उचकटताना दिसला की जागीच थांबून नीट बघायचं.

संध्याकाळी माहेबूरच्या समुद्राकाठी फेरी मारली. साळुंक्यांचा कलकलाट पुण्यातल्यासारखाच. त्या 1762 मध्ये टोळधाड आवरायला भारतातून आणल्या होत्या. तारेवर शिपाई बुलबुल बसला होता, त्याचं इथलं आगमन 1892 चं. दादाला घरच्यासारखं वाटलं. मला वाईट वाटलं. किनाऱ्यावर तासभर फिरून या बेटाचा स्वतःचा असा एकच गाणारा पक्षी दिसला, राखाडी चष्मेवाला. बोटाएवढा जीव, शेपटीच्या वर पांढरा पट्टा, थव्याने फिरणारा. बागांशी आणि परक्या झाडांशी जुळवून घेणं याला जमलं, इतरांना जमलं नाही.

विमानतळाच्या शेजारीच मार ओ साँज नावाची दलदल आहे. 1865 मध्ये तिथे डोडोची, म्हणजे इथल्या नामशेष झालेल्या न उडणाऱ्या पक्ष्याची, हाडं सापडली. परदेशी पाहुणा पहिलं पाऊल टाकतो ते त्या जागेपासून हाकेच्या अंतरावर, आणि हे सांगणारी पाटी मला विमानतळावर कुठे दिसली नाही.

रविवार, इल ओ झेग्रेत

प्वांत जेरोमच्या धक्क्यावरून पहिल्या होडीत बसलो. बेट किनाऱ्यापासून जेमतेम 850 मीटरवर, क्षेत्र 26 हेक्टर. होडीतून ते सपाट, गडद हिरवं दिसतं. मुख्य बेट ज्वालामुखीच्या काळ्या दगडाचं आहे, हे मात्र प्रवाळापासून झालेल्या चुनखडीचं. पायाखाली खडक इतका धारदार की ठरलेली पायवाट सोडायची सोयच नाही.

आमची वाटाड्या तिशीतली मुलगी होती. घरी क्रेओल, म्हणजे फ्रेंचमधून घडलेली इथली बोली, बोलणारी, आमच्याशी इंग्रजीत बोलली. उतरल्याबरोबर तिने बुटांचे तळ आणि पिशव्या तपासायला लावल्या. एक बी, एक मुंगीची राणी, एक गाभण उंदरीण, यातलं काहीही चुकून आलं तर इथली कित्येक वर्षांची मेहनत धोक्यात येते. दादा बुटाच्या खाचेतलं गवत काढत बसला तेव्हा ती म्हणाली, "घाई नाही, नीट काढा."

बेटावर जे उभं आहे ते एबनीचं, म्हणजे काळ्या कठीण लाकडाच्या झाडांचं रान. किनारपट्टीवरचं हे कोरडं जंगल एके काळी मॉरिशसभर कडेकडेने होतं. आता त्याचा शेवटचा बरा तुकडा इथे आहे. तोही सरपणासाठी तोडला गेला, बकऱ्यांनी खाल्ला, दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी इथे तोफा बसवल्या. त्या बांधकामाचे काँक्रीटचे अवशेष झाडांत अजून आहेत. 1965 मध्ये बेट राखीव झालं. पुढे मॉरिशियन वाइल्डलाइफ फाउंडेशनने ते हाती घेतलं. उंदीर आणि मांजरं संपवली, परकी झुडपं हाताने उपटली, बेटावरच रोपवाटिका काढून मूळची झाडं परत लावली. मॉरिशसची स्वतःची मोठी कासवं नामशेष झालेली. त्यांचं काम करायला 2000 मध्ये सेशेल्समधल्या आल्डाब्रा बेटांची महाकाय कासवं सोडली. ती एबनीची फळं खातात आणि बिया बेटभर टाकत फिरतात. वाटेत एक कासव आडवं पडलं होतं, त्याला वळसा घालून गेलो.

पहिलं दर्शन गुलाबी कबुतराचं. डोक्यावरून उडत गेलं आणि फांदीवर बसून आमच्याकडे बघत राहिलं. 1990 च्या सुमारास रानात ही कबुतरं दहाच्या आसपास उरली होती. त्या कबुतराकडे पाहताना दादा पहिल्यांदा गप्प झाला.

आणि मग फोडी. आधी आवाज आला, कोरडा, तुटक "चिक्... चिक्". वाटाड्याने हात वर केला. वाटेच्या उजव्या हाताला एबनीच्या खोडावर, आमच्या डोळ्यांच्या उंचीवर, एक पक्षी डोकं खाली करून साल सोलत होता. खपलीखाली चोच घालायची, मान वळवायची, खपली खाली टाकायची, आत बघायचं. सावली दाट होती, म्हणून रंग नीट कळेना. मग तो उन्हाच्या कवडशात आला. डोकं लाल, गळा लाल, छातीच्या मध्यावर तो लाल संपला आणि खाली मातकट हिरवट तपकिरी पोट. डोळ्याच्या पुढे काळा डाग, त्याने चेहरा थोडा करारी दिसतो. पायात रंगीत कडी. मी दुर्बीण खाली ठेवायला तयार नव्हते.

"कडं कशाला?" दादाने विचारलं.

वाटाड्याने सांगितलं ते असं. रंगांच्या क्रमावरून प्रत्येक पक्षी वेगळा ओळखता येतो. तो कुठे जन्मला, कोणाबरोबर जोडी आहे, यंदा किती पिल्लं झाली, याची नोंद ठेवली जाते. बेटावर काम करणारी मुलं पक्ष्याकडे बघून ही माहिती तोंडपाठ सांगतात.

हे फोडी या बेटाचे मूळ रहिवासी म्हणून सापडलेले नाहीत, त्यांना इथे आणलं आहे. या शतकाच्या सुरुवातीला मुख्य बेटावर जेमतेम शंभर-सव्वाशे जोड्या होत्या. तिथली घरटी उंदीर आणि माकडं फस्त करत होती. मग अशा घरट्यांतली अंडी आणि पिल्लं काढून आणली, मुख्य बेटावरच्या ब्लॅक रिव्हर इथल्या पक्षी-संवर्धन केंद्रात हाताने भरवून वाढवली आणि 2003 पासून टप्प्याटप्प्याने इथे सोडली. उंदीर नाहीत, माकडं नाहीत, त्यामुळे पक्षी रुजले आणि वाढले. 2009 मध्ये धोक्यातल्या जातींच्या आंतरराष्ट्रीय लाल यादीत हा फोडी अतिसंकटग्रस्त वर्गातून एक पायरी खाली, संकटग्रस्त वर्गात आला. लाल यादीतल्या बदलांच्या बातम्या मी वर्षानुवर्षं वाचते, बहुतेक उलट्या दिशेच्या असतात.

अजूनही त्यांना वरचं खाणं दिलं जातं. ठरलेल्या जागी ठेवलेल्या खाद्यावर मादी आली. गडद, रेघा फिक्या, चोच बारीक. तिच्यानंतर लगेच एक कार्दिनालची मादी येऊन बसली, आणि शेजारी शेजारी दोन्ही बघायला मिळाल्यावर पुस्तकातली सगळी वर्णनं फिकी पडली. कार्दिनालची मादी फिकट, पिवळसर, पाठीवरच्या रेघा ठळक, चोच त्रिकोणी. ज्याला ही ओळख पक्की करायची आहे त्याने अशा खाद्याच्या जागी अर्धा तास उभं राहावं.

परत येताना फुलांनी भरलेल्या झाडावर पिवळट हिरवा, लांब बाकदार चोचीचा चिमुकला पक्षी क्षणभर दिसला. डोळ्याभोवती पांढरं कडं. ऑलिव्ह चष्मेवाला. फोडीहूनही दुर्मिळ, आजही अतिसंकटग्रस्त. यालाही 2006 पासून इथे सोडलं आहे. दादाचा फोटो हलला, पण पक्षी दोघांनीही पाहिला.

होडीची वाट बघताना वाटाड्याने समुद्राकडे बोट दाखवलं. 25 जुलै 2020 ला वाकाशिओ हे मालवाहू जहाज प्वांत देस्नीच्या प्रवाळरांगेवर चढलं. ऑगस्टमध्ये ते फुटलं आणि साधारण हजार टन तेल या खाडीत पसरलं. बेटाच्या किनाऱ्याला तेल लागलं. काही फोडी आणि काही ऑलिव्ह चष्मेवाले पकडून मुख्य बेटावर सुरक्षित ठेवले गेले, रोपवाटिकेतली रोपंही हलवली. सगळे पक्षी एका टोपलीत ठेवू नयेत हे तेव्हा सगळ्यांनाच कळलं. 26 हेक्टरचं बेट उंदरांपासून वाचवता येतं, पण जहाजापासून आणि वादळापासून नाही. म्हणून मुख्य बेटावरचे फोडी टिकायलाच हवेत, आणि म्हणून आम्हाला वर डोंगरात जायचं होतं.

सोमवार, वाक्वा

सोमवारी माहेबूरचा बाजार भरतो. गरम दाल पुरी आणि मिरचीचे तळलेले गोळे खाऊन निघालो. वर चढत गेलं की उसाची शेतं संपतात आणि हवा गार होते.

दुपारी एका मराठी कुटुंबात जेवायला गेलो. त्यांचे पूर्वज एकोणिसाव्या शतकात कोकणातून मुंबई बंदरामार्गे उसाच्या मळ्यांवर आले. घरात बोलणं क्रेओलमध्ये, देवघरात आरती मराठीत, भिंतीवर गणपती. गणेश चतुर्थीला इथे देशभर सुट्टी असते. घरातल्या आजोबांना फोडीचा फोटो दाखवला. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, लहानपणी वडिलांबरोबर वर रानात लाकडं आणायला जायचो तेव्हा हा असायचा, आता वर्षानुवर्षं पाहिला नाही. त्यांच्या अंगणात त्याच वेळी तीन कार्दिनाल तांदूळ टिपत होते आणि कार्दिनाल आणि फोटोतला फोडी यांतला फरक त्यांना कोणी सांगावा लागला नाही.

संध्याकाळी गंगा तलाव, इथल्या हिंदूंचं तीर्थ. गर्दी होती, थांबलो नाही.

मंगळवार, पेत्राँ ते माकाबे

ब्लॅक रिव्हर गॉर्जेस राष्ट्रीय उद्यान 1994 मध्ये झालं. क्षेत्र साडेसहा हजार हेक्टरांहून थोडं अधिक. नकाशावर ते हिरवंगार दिसतं, आणि प्रत्यक्षातही दिसतं, पण त्या हिरव्यात काय आहे हे पाहायला पायी चालावं लागतं. पेत्राँपासून माकाबेच्या वाटेला लागलो की दोन्ही बाजूंना चिनी पेरूची भिंत. फळं गोड, लोक हंगामात पिशव्या भरून नेतात. पण त्या झाडीखाली दुसरं काही उगवत नाही. जुनी स्थानिक झाडं मधूनच डोकं वर काढून उभी, त्यांच्या पायथ्याशी त्यांचं एकही रोप नाही. मॉरिशसवर चांगल्या स्थितीतलं मूळ जंगल दोन टक्क्यांहून कमी उरलं आहे.

वाटेत कुंपण घातलेले तुकडे लागतात. आतली परकी झाडं उपटून काढलेली. कुंपणाच्या आत डोकावलं की फरक दिसतो: जमिनीवर रोपंच रोपं, नेचे, ऑर्किड. याच भागात थांबून बसलो तर पक्षी आले. बेटावरचा मोठा बुलबुल, लालसर नारिंगी चोचीचा. शिपाई बुलबुलापेक्षा बराच थोराड, तुऱ्याऐवजी नुसती काळी टोपी. मग मॉरिशसचा स्वर्गीय नर्तक. आपल्याकडच्या नराला लांब पांढरी शेपूट असते, इथल्याला ती नाही. डोकं मात्र तसंच गडद चकाकतं आणि पाठ तांबूस. तो सावलीच्या खालच्या फांद्यांत फिरत होता, अंधारातच राहणं त्याला आवडतं. नंतर उंच झाडावर करडा-पांढरा कोकीळ-खाटीक आणि त्याची विटकरी मादी. इतकी वेगळी की मी दोन जाती समजून दोन ओळींत लिहिल्या असत्या, पण जोडीने फिरत होते.

फोडी मिळाला नाही. माकडं मिळाली. लांब शेपटीची ही माकडं डच लोकांच्या काळात किंवा त्याही आधी जहाजांवरून आली आणि आता सगळ्या जंगलात आहेत. पेरू खातात आणि घरटीही.

या उद्यानातली एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. 1970 च्या दशकात वरच्या पठारावरचं, ले मारच्या आसपासचं खुरटं जंगल तोडून तिथे पाइन लावले. ते खुरटं जंगल फोडीचं हक्काचं ठिकाण होतं. त्यानंतर त्याची संख्या झपाट्याने कोसळली. 1990 च्या दशकात संशोधकांनी उरलेल्या जोड्यांची घरटी तपासली तेव्हा मूळच्या झाडांवरची जवळजवळ सगळी वाया जाताना दिसली. पिल्लं उडत होती ती मुख्यतः एका छोट्या राईतून, आणि ती राई होती क्रिप्टोमेरियाची, म्हणजे लाकडासाठी लावलेल्या जपानी झाडांची. त्या झाडांची पालवी दाट आणि टोचरी, आत काळोख. त्यात खाण्यासारखं काही नसल्याने उंदीर आणि माकडं फारशी फिरकत नाहीत. गुलाबी कबुतरांनीही शेवटी त्याच राईत आसरा घेतला होता. म्हणजे घरटं परक्या झाडावर, पण पोट भरायला मूळचं जंगल जवळ हवं. एक गेलं तर दुसऱ्याचा उपयोग नाही. परकी झाडं सरसकट तोडा असं म्हणणाऱ्यांनी ही राई आधी पाहावी, आणि पाइन लावले की जंगल वाढलं असं म्हणणाऱ्यांनी ले मार पाहावं.

बुधवार, बासाँ ब्लाँ

दक्षिणेला बासाँ ब्लाँ हा जुन्या ज्वालामुखीच्या तोंडातला गोल तलाव आहे. त्याच्या पश्चिमेला कोम्बोचं रान. हे बेटावरच्या सर्वांत ओल्या भागांपैकी एक. ऑक्टोबर कोरडा म्हणतात तरी सकाळपासून भुरभुर पाऊस होता आणि दर दहा मिनिटांनी दुर्बिणीच्या काचा पुसाव्या लागत होत्या.

चालकाने रस्त्याच्या कडेला गाडी लावली आणि तोही आमच्याबरोबर उभा राहिला. तासभर नुसते राखाडी चष्मेवाले. मग दादानेच आवाज पकडला. "तोच ना? बेटावर ऐकला तो?" तोच. रस्त्याच्या वरच्या बाजूला, शेवाळ लोंबणाऱ्या फांद्यांत नर. पाऊस, धुकं आणि मागे पांढरं आभाळ, त्यामुळे लाल रंग काळपट दिसत होता. डोकं गडद, अंग फिकट, इतकंच कळत होतं. अशा प्रकाशात रंगावर विसंबू नये. चोच बारीक होती, तो फांदीच्या खालून उलटा चालत शेवाळ उचकटत होता, आणि मुख्य म्हणजे दाट मूळच्या झाडीत होता. पायात कडी नव्हती. दोन मिनिटांनी ऊन फटकलं आणि छातीवरची लाल कड दिसली. पाठोपाठ मादी चोचीत सुकलेल्या गवताचा तंतू घेऊन आली आणि उजवीकडच्या गर्द झाडात शिरली. घरटं बांधत होते. आम्ही लगेच मागे सरलो आणि तिथे परत गेलो नाही. जागाही इथे सांगत नाही, घरट्याजवळ गर्दी झाली तर माकडांना वाट दाखवल्यासारखं होईल.

चालक या बेटावर जन्मलेला, वयाने आमच्या बाबांएवढा. त्याने दुर्बिणीतून नर बघितला आणि विचारलं, हा कार्दिनाल नाही? दादाने त्याला छातीवरची कड, चोच आणि पोटाचा रंग दाखवला, मोडक्या हिंदीत आणि हातवाऱ्यांनी. चालकाने पुन्हा दुर्बीण मागितली.

ज्यांना जायचं आहे त्यांच्यासाठी: फोडीचा विणीचा काळ साधारण ऑगस्ट-सप्टेंबरपासून मार्चपर्यंत. डिसेंबरनंतर चक्रीवादळांचा हंगाम, म्हणून सप्टेंबर ते नोव्हेंबर उत्तम. एप्रिलनंतर दोन्ही फोडींचे नर तपकिरी होतात आणि ओळख फार अवघड होते. इल ओ झेग्रेतची फेरी फाउंडेशनमार्फतच होते. सकाळची पहिली होडी धरा, नऊनंतर ऊन चढतं आणि पक्षी झाडीत बसून राहतात. तिकिटाचा पैसा बेटाच्या कामाला जातो. वर डोंगरात रेनकोट, जळवांची भीती नाही, पण घसरड्या वाटेसाठी चांगले बूट हवेत. आणि बूट दोन्ही ठिकाणांच्या मध्ये धुवा, पेरूच्या बिया तळाला चिकटून सहज प्रवास करतात.